उपडा ठेवलेला ड्रम

सतरा वर्षांपूर्वी आमची द्राक्षबाग गेली, ती माझ्या हातून. घरात, भावकीत, गावात सगळ्यांना माहीत आहे की ती माझ्या वहिनींच्या चुकीनं गेली. वहिनींनाही तसंच वाटतं. वाटतं म्हणजे काय, त्यांना ते चक्क आठवतं. जे त्यांनी केलंच नाही ते त्यांना वेळ-जागेसकट आठवतं, आणि ती आठवण त्यांच्या मनात मी घातली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मध्यंतरी एकदा तोंड उघडलं होतं. ते पुढे येईलच. पण त्याला सांगणं म्हणता यायचं नाही.

मी मुळात कमी बोलणारा. जुन्नरला एका ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, तिथे बोलतो तेवढंच. घरी येईपर्यंत याचे शब्द संपलेले असतात असं बायको म्हणते. तो समज मी तसाच राहू दिला आहे. सोयीचा आहे.

दरवर्षी स्मृतीचा धडा आला की मी वर्गात एक खेळ घेतो. एका कागदावरचे बारा शब्द सावकाश वाचतो: पीठ, तवा, चूल, परात, जाळ, बाजरी, जातं, उलथनं, राख, ठेचा, टोपलं, काठवट. मग पाच मिनिटं भलत्याच विषयावर बोलतो आणि आठवतील तेवढे शब्द लिहायला सांगतो. निम्म्याहून जास्त मुलं 'भाकरी' लिहितात. भाकरी मी वाचलेलीच नसते. पीठ, तवा, जाळ असं सगळं भोवतीनं आलं की मधली रिकामी जागा मन आपलं आपण भरून टाकतं. मुलं हसतात, धडा डोक्यात बसतो, तास संपतो.

या वर्षी एक मुलगी हसली नाही. आंबेगावच्या बाजूनं एसटीनं येते, पहिल्या बाकावर बसते. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही भाकरी म्हणाला होता. चूल म्हणालात, मग भाकरी म्हणालात. म्हणताना खिडकीकडं बघितलं तुम्ही."

मी तिला कागद दाखवला. तिनं तो वरून खाली दोनदा वाचला.

मागून एक जण म्हणाला, "सर, ती सहाची गाडी धरती. भूक लागली आसंल तिला."

वर्ग हसला. ती तशीच उभी. म्हणाली, "मग मी खोटं बोलते का?"

"नाही. तुला खरंच तसं आठवतंय. यात खोटं काही नाही."

"मग खरं काय धरायचं?"

"कागदावर आहे ते."

"आणि कागद नसता तर, सर?"

मी खडू खाली ठेवला. असल्या प्रश्नाला द्यायचं उत्तर पुस्तकात आहे आणि ते मला पाठ आहे. त्या दिवशी पुढच्या धड्याची पानं वाचायला सांगून मी खुर्चीत बसलो. माझ्यासमोर त्या मुलीच्या जागी वहिनी उभ्या होत्या, हातात कागद नसलेल्या.

वहिनी आमच्या घरात आल्या तेव्हा मी पाचवीत होतो. आई माझ्या लहानपणीच गेलेली. अकरावीला मी जुन्नरला खोली घेऊन राहिलो तर दोन वर्षं रोज सकाळी माझा डबा एसटीनं यायचा. वहिनी फाट्यावर येऊन कंडक्टरच्या हातात डबा द्यायच्या आणि स्टँडवर मी तो उतरवून घ्यायचो. कंडक्टर बदलला तरी डबा चुकला नाही. एकदा गाडीच रद्द झाली, तर दुपारी दूधवाल्याच्या मोटारसायकलवर डबा आला. आत एक चिठ्ठी: 'गार झालं आसंल, शेजारी गरम करून घ्या.' मी पुढे शिकलो, नोकरीला लागलो, तो असा.

बाग वहिनींचीच म्हणायची. आमचं रान खोडदच्या अलीकडे, तिथून रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या दिसतात. दादा, माझा थोरला भाऊ, टोमॅटो आणि ऊस बघायचा. एक एकर द्राक्ष लावायचं वहिनींनी काढलं, दुसऱ्यांच्या बागांवर जाऊन छाटणी शिकल्या, कृषी सेवा केंद्रात जाऊन दुकानदाराशी हुज्जत घालून औषधाची मापं लिहून आणायच्या. त्यांच्याकडे एक वही होती. कुठल्या दिवशी कुठलं औषध, किती पाण्यात, ढग होते का, सगळं तिच्यात. औषधांच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला. दुसऱ्या गावच्या बायका बाग बघायला यायच्या तेव्हा दादा पाणी द्यायला उभा असायचा आणि म्हणायचा, "मालक आत हायेत, मी गडी."

द्राक्षवाल्यांना एक भीती कायम असते. तणनाशकाचा अंश. उसातलं रुंद पानांचं तण मारायला जे औषध वापरतात, त्याचं चमचाभर पाणीही वेलीच्या फवाऱ्यात गेलं तर वेल वेडीवाकडी होते. म्हणून वहिनींनी घरात दोन नियम घातले होते. तणनाशकाला पाठीवरचा जुना पंप, त्याच्या दांड्याला लाल चिंधी बांधलेली. तो दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. बागेच्या औषधाला निळा ड्रम, त्याचा इंजिनाचा पंप आणि लांब पाइप. आणि फवारणी झाली की ड्रम, पाइप तीन पाण्यांनी धुऊन ड्रम हौदाशेजारी दगडावर उपडा घालायचा. उपडा ड्रम म्हणजे धुतलेला ड्रम. उताणा दिसला तर धुवायचा राहिलाय. कुणी कुणाला विचारायची गरज पडायची नाही.

ती छाटणीनंतरची, फुलोऱ्याच्या तोंडाची वेळ होती. शनिवारी वहिनींनी लाल चिंधीच्या पंपानं उसात तणनाशक मारलं. थोडा ऊस राहिला. पंप धुताना त्यांना माहेराहून फोन आला, आई पडली म्हणून. रविवारी सकाळी औषधांच्या खोलीची किल्ली खुंटीला ठेवून त्या माहेरी गेल्या. दादा टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात. मी सुट्टीचा गावी आलेलो. दादाचा फोन आला, "राहिलेला ऊस मारून टाक तेवढा. वारं बागेकडं न्हाई ना बघ."

वारा नव्हता. मी लाल चिंधीचा पंप भरला, पाठीवर घेतला, तर तो दाबच धरेना. उघडून बघितला. आतला वॉशर फाटला होता. जुन्नरहून त्याच मापाचा आणावा म्हणून मी तो काढून शर्टाच्या खिशात टाकला. मग हौदाशी उपडा घातलेला निळा ड्रम दिसला. मी तो सरळ केला. आतून कोरडा, स्वच्छ, वास नाही. हे मला लख्ख आठवतं आणि या एका आठवणीवर माझा विश्वास आहे. त्यात तणनाशक कालवलं, इंजिन चालू केलं, पाइप ओढ्यापलीकडे ओढत नेला आणि अर्ध्या तासात ऊस मारून मोकळा झालो. काम झटकन झालं म्हणून बरंही वाटलं.

मग धुवायचं. साडेचारची एसटी होती, त्यानंतरची साडेसहाला. तीन पाणी म्हणजे पाऊण तास. मी ड्रम आडवा करून उरलेलं ओतलं, पाइप गुंडाळला आणि ड्रम दगडावर उपडा घातला. उताणा ठेवला असता तर वहिनींना कळलं असतं. ते मला ठाऊक होतं. उपडा ठेवणं ही सवय होती म्हणावं तर ती माझी नव्हती. माझा हात क्षणभर थांबला होता. मनात असं होतं की उद्या फोन करून सांगू. सोमवारी कॉलेजात तपासणीला माणसं आली आणि फोन राहिला. राहिला म्हणजे मी केला नाही.

मंगळवारी वहिनींनी त्या उपड्या ड्रममध्ये भुरी रोगाचं औषध कालवून अख्ख्या बागेवर मारलं.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा दुकानदार बागेत उभा होता. शेंडे चिमटल्यासारखे वळलेले, पानं पंख्याच्या घड्यांसारखी झालेली, घडांची फुलं गळत होती. त्यानं एक पान उन्हात धरून बघितलं आणि म्हणाला, "ह्ये रोगाचं न्हाई. तणनाशक हाये. वारं व्हतं का राव त्या दिशी?"

"वारं नव्हतं," दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तू कुठला पंप घेतला व्हता?"

मी म्हणालो, "लाल चिंधीचाच."

एवढं पटकन तोंडातून गेलं की मलाच ते दुसरं कुणी बोलल्यासारखं ऐकू आलं. त्याक्षणी दुरुस्त करता आलं असतं. दादा ओरडला असता, दोन महिने बोलला नसता. मी घरातला शिकलेला. दादा चार माणसांत सांगायचा, आमचा भाऊ मास्तर आहे, माणसाच्या डोक्यातलं त्याला कळतं. त्या माणसाला ड्रम धुवायचा कंटाळा आला, हे मला दुकानदारासमोर सांगवेना. कारण एवढंच. याहून मोठं कारण मी बरीच वर्षं शोधलं, सापडलं नाही.

आम्ही ओट्यावर येऊन बसलो. वहिनी भिंतीला टेकून, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत. त्या पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या, "मी ड्रम उपडा बघितला. धुतलेलाच व्हता."

"मंग आभाळातून पडलं का त्यात?" दादा म्हणाला.

आणि मी बोललो. आवाज अगदी मऊ ठेवून बोललो. वर्गात अडखळणाऱ्या मुलाला वाट दाखवावी तसं.

"वहिनी, शनिवारी तुम्ही लाल चिंधीचा पंप धुतला तेव्हा माहेरचा फोन आला होता ना?"

"आला व्हता. आई पडली म्हणून."

"तेव्हा तुम्ही हौदाशीच होता?"

"हौदाशीच."

"मग पंपातलं पाणी कुठं ओतलंत? घाबरल्यावर माणसाचं लक्ष राहत नाही. साहजिक आहे."

त्यांनी हौदाकडे बघितलं. "मोरीत ओतलं. ओतलं आसंल मोरीत." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "का ड्रमात ओतलं मी, भाऊजी?"

मी मान थोडी खाली घातली. एवढं पुरलं.

माणसाची आठवण कशी वागते ते मी मुलांना सारवलेल्या जमिनीच्या उदाहरणानं समजावतो. जमीन वाळलेली असते तेव्हा कुणीही चाललं तरी उमटत नाही. पण एखादी गोष्ट आठवायला घेतली की ती जागा पुन्हा सारवल्यासारखी ओली होते आणि त्या वेळी कुणाचं पाऊल पडलं तर वाळल्यावर ते तिथेच राहतं. पुढे आपण ते आपलंच पाऊल समजतो. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. तेव्हाही मी हाच धडा शिकवत होतो. प्रश्नात उत्तर घालून विचारलं की काय होतं, हे आमच्या त्या ओट्यावर फक्त मला माहीत होतं. ठरवून केलं का? ठरवून नाही. पण करताना मी काय करतोय ते मला दिसत होतं.

संध्याकाळपर्यंत वहिनी म्हणू लागल्या होत्या, "माझ्याच हातानं झालं."

दादा बोलला नाही त्यांना. त्यानं फक्त औषधाच्या खोलीची किल्ली मागून घेतली. पुढच्या रविवारी मी नवा वॉशर नेऊन गुपचूप लाल चिंधीच्या पंपात बसवला.

बागेचं ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षीही काड्या धड निघाल्या नाहीत, तेव्हा दादानं मांडवाच्या तारा, लोखंडी अँगल काढून टाकले आणि तिथेही ऊस लावला. दोन्ही वेळच्या भाकरीपुरतं होतं, घर चालू राहिलं. वहिनींचं मात्र त्या घरातलं काहीतरी काढून घेतलं गेलं आणि त्याची भरपाई उसानं व्हायची नव्हती. वही त्यांनी कपाटावर टाकली. दुकानदार काही विचारायला लागला की म्हणायच्या, "ह्यांना इचारा. मला काय कळत न्हाई." ज्या बाईनं त्याच दुकानदाराला मापावरून गप्प केलेलं मी पाहिलं होतं, तीच ही. भांडी तीन पाण्यांनी धुवायला लागल्या. गॅस बंद केला का बघायला अंथरुणातून उठायच्या.

दादाला एक विनोद सापडला. तो कुणाचं मन दुखवायला तसं बोलायचा नाही, हेही खरं. पाहुणे आले, खोडदची दुर्बीण बघून आले की तो म्हणायचा, "पावणं, दुर्बिणीपाशी फोन बंद ठेवायला लावत्यात ना? आमच्याकडं औषधापाशी लावत्यात. का म्हणून इचारा आमच्या मंडळीला." पाहुणे हसायचे. वहिनीही हसायच्या आणि चहा ठेवायला आत जायच्या. मी तिथे असलो तर मीही हसायचो. सतरा वर्षांत किती वेळा हसलो असेन.

वहिनींनी तो विनोद मनावर घेतला होता हे आम्हाला उशिरा कळलं. काम करताना त्या फोन आत कपाटात ठेवायला लागल्या. दोन वर्षांनी त्यांच्या आईचं शेवटचं आलं तेव्हा सकाळपासून फोन वाजत होता आणि वहिनी कांद्याच्या वाफ्यात होत्या. त्या पोचल्या तेव्हा तोंडात पाणी घालायची वेळ टळून गेली होती. परतल्यावर मला म्हणाल्या, "फोन उचलला तरी चूक, न्हाई उचलला तरी चूक. माझ्या नशिबी फोनच न्हाई." मी त्यांच्यासमोर बसून होतो. सांगायला त्याहून चांगली जागा पुन्हा मिळायची नव्हती. मी म्हणालो, "होतं असं, वहिनी."

दरम्यान त्यांची आठवण वाढत होती. पहिल्यांदा ती नुसती शंका होती. वर्षाभरानं त्यांना आठवू लागलं की फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला होता. मग आठवलं की लाल चिंधी ओली होऊन मनगटाला चिकटली होती. मग दुधासारखं पांढरं पाणी निळ्या ड्रमात जाताना दिसू लागलं. अलीकडे तर शेजारी एक ठिपक्यांची कोंबडी दाणे टिपत असते. त्या वर्षी आमच्याकडे कोंबड्या नव्हत्या. बिबट्यानं खुराडं फोडल्यापासून दादानं पाळल्याच नव्हत्या. वहिनी ती कोंबडी हातानं दाखवतात, इथं, ह्या दगडापाशी.

आणि त्यांना अजून एक आठवतं. त्या दिवशी ओट्यावर सगळे त्यांच्यावर उलटले असताना मी एकट्यानं त्यांची बाजू घेतली. "भाऊजी म्हणाले, घाबरल्यावर माणसाचं ध्यान ऱ्हात न्हाई, साहजिक हाये." शब्द माझेच आहेत.

माझंही काही वेगळं झालेलं नाही. 'लाल चिंधीचाच' हे मी तीन-चार जणांना, तीन-चार वेळा सांगितलं. आता त्या रविवारचा ऊस आठवायला गेलो की पाठीवरच्या पंपाचा पट्टा खांद्यात रुतलेला मला जाणवतो. तो पंप दाब धरत नव्हता. तो पाठीवर घेऊन मी चार पावलंही चाललो नव्हतो. पट्टा रुतायचा प्रश्नच नाही. तरी रुततो. एका हिवाळ्यात तर आठवडाभर मला खरंच वाटायला लागलं की आपण उगीच स्वतःला खातोय, पंप लाल चिंधीचाच असेल, वहिनींकडूनच झालं असेल. किती हलकं वाटलं होतं त्या आठवड्यात.

मग कपाटात पेनांच्या डब्यात तो वॉशर सापडला. काळा, एका बाजूनं फाटलेला, कडक झालेला. खिशातून काढून मी तो तिथे टाकला होता आणि विसरलो होतो. पंपाचा वॉशर फाटला होता, म्हणून पंप चालला नाही, म्हणून ड्रम घेतला. त्या मुलीनं विचारलेला कागद माझ्याकडे होता. तो अजून आहे. मी टाकू शकलो असतो; का टाकला नाही ते मला नीट सांगता येत नाही. चांगुलपणानं ठेवला असं मी म्हणणार नाही.

दोन वर्षांपासून वहिनी विसरतात. आमटीत मीठ दोनदा पडतं. नोकरी करणाऱ्या मुलाबद्दल विचारतात, शाळेतून आला का. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून आजाराचं नाव सांगितलं; ते मी वर्गातही सांगतो, त्यामुळे मला नवं नव्हतं. पुढचा रस्ता साधारण कसा जातो तेही ठाऊक आहे. सकाळचं आधी जातं, जुनं मागे राहतं. आणि जुन्यातही जे पुन्हा पुन्हा उगाळलं गेलंय, जे काळजाला लागलंय, ते बहुतेक शेवटपर्यंत टिकतं. वहिनींनी सगळ्यात जास्त काय उगाळलं असेल? मी दोन वर्षं त्यांच्या हातचे डबे खाऊन शिकलो, त्या डब्यांचं त्यांना आता अंधुक आठवतं. फाट्यावरच्या कंडक्टरचं विचारलं तर म्हणाल्या, "आसंल बाई." ड्रम मात्र जसाच्या तसा आहे.

उन्हाळ्यात पुतण्याचं लग्न झालं. नवी सून कष्टाळू आहे, टोमॅटोवर औषध मारायला तीच पुढे होते. एका दुपारी मी ओट्यावर बसलेलो, ती हौदाशी पंप धुत होती आणि वहिनी तिला सांगत होत्या. फोन, चिंधी, पांढरं पाणी, कोंबडी. शेवटी म्हणाल्या, "म्हणून सांगते, मला बाग लई लाडाची व्हती. मीच मारली."

माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, तो ड्रम मी वापरला होता. रविवारी. मी धुतला नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. असं निखळ हसणं मी त्यांचं कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. सुनेला म्हणाल्या, "बघ, आसं हायेत तुझं चुलत सासरं. तवाबी एका शब्दानं मला बोलले न्हाईत. आन् आता माझी चूक सोताच्या अंगावर घेत्यात." मग माझ्याकडे वळून, "ऱ्हाऊ द्या भाऊजी. लई सावरलं तुमी मला."

सून माझ्याकडे आदरानं बघत होती. मी म्हणू शकलो असतो, नाही, खरंच सांगतोय, वॉशर दाखवतो. मी कपातला चहा संपवला. दादा गोठ्यात होता, त्यानं ऐकलं नाही. घरी जाताना मला सुटल्यासारखं वाटलं. सांगून झालं, त्यांना पटत नाही त्याला मी काय करणार. ही पळवाट पुढचे दोन महिने पुरली. शास्त्राची जोड दिली की ती आणखी बरी दिसते: या वयात, या आजारात, एवढी पक्की झालेली आठवण हलवू नये, माणूस बिथरतो. असं मी स्वतःला मराठीत आणि इंग्रजीत दोन्हींत सांगून बघितलं. त्या मुलीनं कागदाचं विचारलं तोवर.

वहिनींना आता पटणार नाही, हे बहुधा खरं आहे. सतरा वर्षांत त्यांनी ती गोष्ट इतकी नीट घडवली आहे की माझं खरं तिच्यापुढे कच्चं दिसतं. माझ्या खऱ्यात कोंबडीसुद्धा नाही. पण दादाला पटेल. दादाला वॉशर कळतो. पंप उघडून बघितलेला माणूस आहे तो. आणि आमच्या घरात वहिनींविरुद्ध जे काही आहे ते त्यांच्या डोक्याबाहेरही आहे: दादाच्या विनोदात, त्यानं ठेवून घेतलेल्या किल्लीत, सुनेला मिळालेल्या धड्यात. ते काढता येतं. वहिनींच्या आतलं निघेल न निघेल.

मी अजून सांगितलेलं नाही. मागच्या रविवारी वॉशर खिशात घालून गावी गेलो, दादाबरोबर जेवलो, टोमॅटोच्या भावाबद्दल बोललो आणि तसाच परत आलो. इथे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. आमच्या घरात हे कुणी वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि म्हणून लिहिताना एवढं सोपं गेलं.

दादाला हे सांगायचं आहे. वहिनी समोर असताना, सूनही तिथे असताना, वॉशर त्याच्या हातात देऊन. ड्रम मी वापरला, मी धुतला नाही, धुतलेला दिसावा म्हणून मी तो उपडा ठेवला, आणि वहिनींनी काही केलं नव्हतं. वहिनींना ते वाक्य ऐकून समजण्याइतकी शुद्ध आहे तोवर सांगायचं आहे. तेवढं माझं देणं आहे आणि ते मी दिलेलं नाही.